लिमात ‘फुकट पिस्को सावर’ची पाटी दिसली, तर आधी हे वाचा

माचू पिचूच्या निमित्ताने पेरूला जाणारी आपली मंडळी आता बरीच आहेत. टूर कुठलीही घेतली तरी राजधानी लिमात मुक्काम पडतो. हॉटेल बहुतेक मिराफ्लोरेस भागात मिळतं आणि संध्याकाळी पाय आपोआप केनेडी पार्ककडे वळतात. लुटणाऱ्यांना हे वेळापत्रक तोंडपाठ आहे. त्या भागात मला आणि माझ्या ताईला एका रेस्टॉरंटने ज्या पद्धतीने लुबाडलं, ती पद्धत नीट समजून घ्या. पुढच्याला ती बिल येण्याआधी ओळखता यावी, एवढ्यासाठी सगळं तपशीलवार लिहिते आहे.

पार्कजवळच्या एका गल्लीत दोन्ही बाजूंना रेस्टॉरंटं आहेत आणि प्रत्येकाच्या दारात मेनूकार्ड घेतलेला एक माणूस उभा असतो. आम्हाला अडवणारा मुलगा तोडकंमोडकं इंग्रजी बोलत होता. त्याच्या हातातल्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: क्रिओयो जेवण ३५ सोल, सोबत पिस्को सावर फुकट. सोल हे पेरूचं चलन, आणि पिस्को सावर म्हणजे पिस्को या द्राक्षांच्या दारूचं लिंबू घातलेलं कॉकटेल. क्रिओयो म्हणजे लिमाचं घरगुती, पारंपरिक खाणं. स्पॅनिश वसाहतीच्या काळात मूळ रहिवासी, स्पॅनिश आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक यांच्या चुलींवर ते घडलं, पुढे चिनी मजुरांनी त्यात भर घातली. ते खायचं हे आम्ही घरून ठरवूनच निघालो होतो.

आत बसल्यावर ते कार्ड गायब झालं. वेटरने दुसरं, चामड्याच्या कव्हरचं जाड कार्ड समोर ठेवलं. ३५ सोलचं जेवण कुठे आहे असं विचारल्यावर उत्तर आलं, “ते फक्त दुपारी.” नव्या कार्डात पदार्थांच्या किमती होत्या, पण पेयांच्या पानावर नुसती नावं. तोवर पावाची टोपली, भाजलेल्या मक्याची वाटी आणि दोन पिस्को सावर टेबलावर येऊनही पोहोचले होते. हा सगळा खेळ वेगाचा असतो. तुम्ही काही बोलायच्या आत समोर चार गोष्टी मांडलेल्या असतात आणि मग उठून जाणं अवघड होतं.

ताई गाय-म्हैस काहीच खात नाही. तिने थाळी मागवण्याआधी स्पॅनिशमध्ये, मोबाईलवर लिहून, वेटरला विचारलं की यात बीफ आहे का. त्याने वाचलं, मान हलवली आणि “पोयो, पोयो” म्हणाला, म्हणजे चिकन. थाळीत आंतिकुचो होते, लाल मिरचीच्या वाटणात मुरवून निखाऱ्यावर भाजलेल्या सळया. ताईने एक तुकडा तोंडात घातला आणि थांबली. चिकनला दोरे असतात, या तुकड्याला एकही दोरा नव्हता. गच्च, गुळगुळीत आणि रंगाने काळपट. आंतिकुचो पारंपरिक पद्धतीने गाईबैलाच्या हृदयाचे करतात. ते चिकनचेही मिळतात, पण आमच्या ताटातले नव्हते. पैशांचं नुकसान एकवेळ भरून येतं. स्पष्ट विचारलेलं असताना एखाद्याला खोटं सांगून हे खायला घालणं मला आजही माफ करता येत नाही.

बिल मागितल्यावर एक साधा कागद आला. थाळी १४५ सोल. माझं आही दे गायिना, म्हणजे पिवळ्या मिरचीच्या दाट रश्शातलं चिकन, ५८. पिस्को सावर चार, प्रत्येकी ४२ प्रमाणे १६८. शिवाय ‘कुबिएर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचं, पाव-काटेचमच्यांचं शुल्क, या नावाखाली माणशी १२, म्हणजे २४. वर दहा टक्के सेवा, ३९.५०. एकूण ४३४.५० सोल. फुकट पिस्को सावरचं काय, असं विचारलं तर म्हणे फुकटवाला लहान ग्लासचा असतो, तुम्हाला मोठा दिला. आम्ही मोठा मागितला नव्हता. दुसरी फेरी तर मुळीच मागितली नव्हती, ग्लास रिकामे दिसल्यावर त्यांनी ती आपणहून आणून ठेवली होती.

पेरूचा कायदा याबाबत स्वच्छ आहे. २०१० च्या ग्राहक संरक्षण संहितेनुसार खाणावळीने दरपत्रक बाहेरून दिसेल असं लावलंच पाहिजे. छापील किमतीच्या वर सुटं काहीही लावता येत नाही, अपवाद फक्त सेवा शुल्काचा, आणि तेही आधी ठळकपणे कळवलेलं असेल तरच. हे शुल्क जास्तीत जास्त १३ टक्के असू शकतं. थोडक्यात, कुबिएर्तोचे २४ सोल सरळसरळ बेकायदा होते आणि सेवेचे ३९.५० सुद्धा, कारण त्याबद्दलचा एक शब्द ना दारात होता ना कार्डात.

आता खरी लूट. ताई एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, त्यामुळे साध्या कागदावर तिचं समाधान होत नाही. आधी जो कागद येतो त्याला तिथे ‘प्रेकुएंता’ म्हणतात, म्हणजे कच्चं बिल. तिने पक्कं बिल, म्हणजे ‘बोलेता’, मागितलं. वेटर नाखुशीने घेऊन आला. मग कार्डाचं मशीन आलं. पेरूतल्या बऱ्याच मशीनवर सुरुवातीलाच चलन निवडायचं असतं, सोल की डॉलर. वेटरने मशीन स्वतःकडे वळवून आकडे दाबले आणि अंगठ्याने स्क्रीनचा वरचा भाग झाकून ते फक्त पिन टाकण्यापुरतं माझ्यासमोर धरलं. “ताई, आकडा बघ,” मी म्हटलं. तिने वाकून पाहिलं. अंगठ्याच्या खालून ४३४.५० दिसत होतं. आकडा बरोबर होता. त्याच्या आधीची खूण मात्र अंगठ्याखाली होती. पावती निघाली तशी त्याने ती बोलेताच्या आत घडी घालून फोल्डरमध्ये सरकवली.

४३४.५० सोल नव्हे, ४३४.५० डॉलर.

तेव्हा एका डॉलरला साडेतीन-पावणेचार सोल मिळत होते, म्हणजे आम्ही जवळपास पावणेचारपट पैसे मोजले. रुपयांत, दहा हजारांच्या आसपासचं बिल सदतीस हजारांवर गेलं. आमचं फॉरेक्स कार्ड डॉलरचं होतं आणि भारतातलं सिम बंद, त्यामुळे मेसेज आला नाही. सकाळी हॉटेलच्या वायफायवर कार्डाचं अ‍ॅप उघडलं तेव्हा कळलं. लक्षात घ्या, ही युक्ती आकडा तोच ठेवून केली जाते. आपण बिलाशी आकडा पडताळतो, तो जुळतो आणि आपण निश्चिंत होतो.

आम्ही परत गेलो. मॅनेजर आधी म्हणाला मशीनची चूक, मग म्हणाला सोमवारी या. आमचं कुस्कोचं विमान त्याआधी होतं आणि ते त्याला आम्हीच सांगितलं होतं. तेव्हा ताईने काउंटरमागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘लिब्रो दे रेक्लामासिओनेस’, तक्रार वही. पेरूत प्रत्येक दुकानाने, हॉटेलने ही वही ठेवायची आणि ती आहे अशी पाटी लावायची, हे बंधनकारक आहे. ग्राहकाने मागितली की द्यावीच लागते. आधी वही नाही म्हणाले. ताईने पाटीचा फोटो काढला आणि वही आली. त्यात दोन चौकोन असतात. ‘केहा’ म्हणजे वागणुकीबद्दलची नाराजी, ‘रेक्लामो’ म्हणजे वस्तू किंवा सेवेबद्दलची तक्रार. पैशांचा प्रश्न असेल तर रेक्लामोवर खूण करा. लिहून झाल्यावर आपली प्रत फाडून घ्या. उत्तर द्यायला त्यांना कामकाजाचे १५ दिवस असतात. आम्हाला ईमेलवर उत्तर आलं की पिन तुम्हीच टाकला, म्हणजे रक्कम मान्य होती.

पैसे मिळाले ते कार्डवाल्या बँकेकडून, तेही दोन कागदांच्या जोरावर. बोलेतावर ४३४.५० सोल, मशीनच्या पावतीवर ४३४.५० डॉलर, तारीख एक, वेळ जवळपास तीच. सोबत तक्रारीची प्रत. बऱ्याच आठवड्यांनी फरकाची रक्कम कार्डावर जमा झाली. कुबिएर्तो, न मागितलेली पेयं आणि त्या थाळीचे पैसे गेले ते गेलेच. कच्च्या बिलावर पैसे देऊन निघालो असतो, तर बँकेला दाखवायला हातात काहीच नसतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर ईपेरू या सरकारी पर्यटक मदत केंद्रात जा. लिमाच्या होर्खे चावेस विमानतळावर ते आहे आणि तिथली माणसं इंग्रजी बोलतात. ग्राहकांच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था इन्देकोपी. दुकानदाराने वही नाकारली तर तेवढ्या कारणावरूनही तिच्याकडे तक्रार करता येते.

या अनुभवानंतर लिमाचं क्रिओयो जेवणच नको, असं मात्र कृपा करून ठरवू नका. ते जेवण अप्रतिम आहे. फक्त ते त्या गल्लीत शोधू नका. लिमाची माणसं जिथे जेवतात तिथे दारात कुणी हाका मारत नाही.

आम्हाला हॉटेलातल्या बाईंनी पुएब्लो लिब्रे भागात पाठवलं. तिथे आंतिग्वा ताबेर्ना केइरोलो आहे, १८८० पासूनची. लाकडी कपाटं, बाटल्यांच्या रांगा, आणि किमती आधी वाचूनच ऑर्डर देता येते. आमच्यासमोर शेकरमध्ये तीन भाग पिस्को, एक भाग लिंबाचा रस, एक भाग साखरेचा पाक, अंड्यातला पांढरा भाग आणि बर्फ घालून पिस्को सावर केला. लिंबू आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. वर घट्ट पांढरा फेस आणि त्यावर कडू अर्काचे थेंब. आदल्या रात्री आमच्या ग्लासात प्लास्टिकच्या जगमधून पिवळसर पातळ द्रव ओतला होता आणि फेस दोन मिनिटांत बसला होता. आपल्यासमोर न करता जगमधून आला, तर तो परत पाठवा. इथे पैसे देताना वेटरने मशीन टेबलावर ठेवलं, सोल निवडून दाखवलं आणि मगच पिनसाठी पुढे केलं.

त्याच भागात एल बोलिवारियानो हे रेस्टॉरंट आहे, रविवारी दुपारी सगळं कुटुंब घेऊन लोक येतात. बारांको भागात इसोलिना. तिथे एक पदार्थ दोघांना पुरतो, भरमसाट मागवू नका. लिन्से भागातलं ‘एल रिंकोन के नो कोनोसेस’ तेरेसा इस्किएर्दो यांनी सुरू केलं. क्रिओयो स्वयंपाकात त्यांचं नाव फार आदराने घेतात, २०११ मध्ये त्या वारल्या. जुन्या शहरात राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याशेजारी १९०५ पासूनचा बार कोर्दानो आहे. प्लासा सान मार्तिनवरच्या ग्रान होतेल बोलीवारमध्ये ‘कातेद्राल’ नावाचा मोठा पिस्को सावर मिळतो. तो स्वस्त नाही, पण किंमत आधी दिसते. पिस्को सावरचा जन्मही याच परिसरातला, हिरोन दे ला उनिओनवर. व्हिक्टर मॉरिस या अमेरिकन माणसाने तिथे १९१६ मध्ये बार उघडला होता.

बीफ टाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: लोमो साल्तादो आणि आंतिकुचो हे बीफचे, काउ काउ गाईबैलाच्या वजडीचं, म्हणजे जठराचं. आही दे गायिना चिकनचं असतं. काउसा म्हणजे लिंबू-मिरची घातलेल्या बटाट्याचा थर, आत बहुधा चिकन किंवा ट्यूना. गोडात पिकारोनेस चुकवू नका, भोपळा आणि रताळ्याच्या पिठाची तळलेली कडी, त्यावर काकवीसारखा दाट पाक.

बाटली आणायची असेल तर तिथेही डोळे उघडे हवेत. स्मरणवस्तूंच्या दुकानांत सुंदर मातीच्या बाटल्यांतून काहीही विकतात. लेबलवर ‘पिस्को’ हा शब्द, द्राक्षाची जात, उत्पादकाचं नाव आणि गाव हवं. ‘आग्वार्दिएन्ते’ लिहिलं असेल तर तो पिस्को नव्हे. कायद्याने पिस्को लिमा, इका, आरेकिपा, मोकेग्वा आणि ताक्ना इथल्याच द्राक्षांचा, ठरलेल्या आठ जातींपैकी. त्यात पाणी मिसळत नाहीत, लाकडी पिंपात मुरवत नाहीत आणि अल्कोहोल ३८ ते ४८ टक्के असतं. म्हणजे रंग पाण्यासारखा स्वच्छच असणार, सोनेरी दिसला तर घेऊ नका. या नावावरून पेरू आणि चिली इतके भांडतात की तो वाद भारतात दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत आला. रस्त्यावरची सुटी, स्वस्त दारू तर कधीच नको. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने २०२२ मध्ये लिमात अनेक जण दगावले आहेत.

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. आम्ही केब्रांता द्राक्षाच्या पिस्कोची एक बाटली घेतली, बोलेतासकट, सोलमध्ये.