कन्व्हेयर, यू-सेल की एकट्याचं टेबल: मोनोब्लॉक पंपाची जोडणी कशी मांडावी?

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत छोटी शेड आहे, सहा-सात माणसं आहेत आणि तीन एचपीचे मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) जोडायचे आहेत. ऑर्डर वाढली की मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो कन्व्हेयरचा. त्याच्यासमोर खरं तर तीन मांडण्या असतात. एका टेबलावर एकाच फिटरने अख्खा पंप जोडायचा, किंवा काम तोडून सरळ लाइन लावायची, किंवा तीच टेबलं यू आकारात लावून माणसांनी फिरत काम करायचं, म्हणजे यू-सेल. आमचं मत आधीच सांगतो. एकाच मॉडेलचे रोज पन्नासच्या वर पंप वर्षातले आठ-नऊ महिने निघत नसतील, तर कन्व्हेयरच्या नादी लागू नका.

लाइनने नेमकं काय दिलं

फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ साली मॅग्नेटोच्या (इंजिनाच्या ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या) जोडणीचं काम तोडलं गेलं. एक माणूस एक मॅग्नेटो साधारण २० मिनिटांत जोडत असे. तेच काम २९ जणांत वाटल्यावर एका मॅग्नेटोमागे सगळ्यांचा मिळून वेळ १३ मिनिटं १० सेकंदांवर आला. पुढच्या वर्षी लाइन ८ इंच उंच केली, माणसांचं वाकणं थांबलं आणि आकडा ७ मिनिटांवर उतरला. चासीची (गाडीच्या सांगाड्याची) जोडणी साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आली, हे पुष्कळांना माहीत असतं. पण उंचीची ती ८ इंचं छोट्या शेडवाल्याच्या जास्त कामाची आहेत, कारण त्यांना मोटरही लागत नाही आणि पट्टाही लागत नाही.

त्याची किंमतही मोजावी लागली. एकच बोल्ट दिवसभर आवळणारी माणसं टिकेनात. १९१३ मध्ये फोर्डकडे कामगार सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्क्यांवर गेलं होतं. जानेवारी १९१४ मध्ये जाहीर झालेला रोजचा ५ डॉलर पगार या पार्श्वभूमीवर आला.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक अट होती: कुठलाही भाग कुठल्याही गाडीला कानस न लावता बसला पाहिजे. शिरोलीहून आलेल्या कास्टिंगचं रजिस्टर (दोन भाग एकमेकांत बसतात ती गोल कड) एका लॉटमध्ये घट्ट आणि दुसऱ्यात सैल लागत असेल, तर लाइनवर तिसऱ्या माणसाच्या हातात कानस येते आणि मागचे दोघे उभे राहतात. तेव्हा कन्व्हेयरचं कोटेशन मागवण्याआधी गो-नो गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं साधन) घ्या आणि माल गेटवरच तपासा.

हिशोब मांडून बघू

समजा जेवण आणि चहा वजा जाता शिफ्टमध्ये ४५० मिनिटं काम होतं आणि रोज ५० पंप हवे आहेत. म्हणजे दर ९ मिनिटांनी एक पंप बाहेर पडला पाहिजे. हा तुमचा टॅक्ट टाइम. एका पंपाचं एकूण काम ४० मिनिटांचं धरू. स्टेटर (मोटरचा न फिरणारा, वाइंडिंगचा भाग) बॉडीत दाबणं आणि लीड काढणं ८, शाफ्टवर बेअरिंग ६, एंड शील्ड, पंखा आणि कव्हर ७, मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी पाणी गळू न देणारा भाग), इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) आणि केसिंग ९, टेस्टिंग आणि नेमप्लेट १०.

पाच माणसं लावली तरी ५० पंप निघत नाहीत. लाइन सगळ्यात मंद टेबलाच्या चालीने चालते, म्हणून दर १० मिनिटांनी एक, दिवसाला ४५. नेमप्लेटचं एक मिनिट तिसऱ्या टेबलावर ढकललं की तिकडे ८ आणि टेस्टिंगला ९ होतात, आणि ५० चा आकडा गाठता येतो. मात्र त्यानंतर टेस्ट रजिस्टरमध्ये प्लेटवरचाच नंबर उतरवायची सवय लावा, नाहीतर वॉरंटीचा पंप परत आल्यावर तो कुठल्या दिवशीचा हे शोधत बसाल.

आता टेबल पद्धत घ्या. कागदावर ती जिंकते! पाच जण, प्रत्येकी ४० मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला ५५. प्रत्यक्षात प्रेस एक, टेस्ट टाकी एक, आणि पाचही जण एकाच वेळी तिथे रांगेत. टाकीवर एका पंपाला ९ मिनिटं लागत असतील तर मांडणी कुठलीही असो, दिवसाला ५० च्या वर जाता येत नाही. म्हणून पैसे पहिल्यांदा टाकीला दुसरं कनेक्शन देण्यात घाला. एक पंप चालू असताना दुसऱ्याचं मेगरिंग (वाइंडिंगच्या इन्सुलेशनची तपासणी) होतं आणि टेस्टिंगवाला मोकळ्या वेळात सीलच्या टेबलाला हात देतो.

यू-सेलचा फायदा माणसं कमी असतात तेव्हा कळतो. तिघं असतील तर तेच काम वाटून ३३ पंप, दोघं असतील तर २२. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि पंपाची मागणी एकदमच येते, आणि पाचातले दोघे हमखास नसतात. सरळ लाइनवर तेव्हा दोन टेबलं रिकामी पडतात आणि सगळंच अडतं. सेलमध्ये आकडा खाली येतो, पण काम चालू राहतं. त्यासाठी प्रत्येकाला किमान तीन टेबलांचं काम यायला हवं. हे शिकवण्यात दोन-तीन महिने जातात, आणि सेल फसतो तो बहुतेक इथेच.

बिघाड कुठे दिसतो

सीलचं टेबल बघा. कार्बनच्या घासलेल्या तोंडाला बोटाचा ग्रीस किंवा कास्टिंगची वाळू लागली की पंप थेंब-थेंब गळतो. टाकीत पाणी भरण्याआधी स्विच दाबला तर सील कोरडं फिरून काही सेकंदांत खराब होतं. बेअरिंग शाफ्टवर चढवताना दाब आतल्या रिंगवरच हवा. बाहेरच्या रिंगवर हातोडी पडली तर गोळ्यांचे खड्डे रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खाचेवर, उमटतात. पंप त्या दिवशी पास होतो आणि दोन महिन्यांनी तासगावच्या एखाद्या बागेत आवाज करायला लागतो. इंडक्शन हीटर असेल तर ११० अंशांच्या आसपास थांबा.

लाइनवर असा दोष टेस्टिंगला सापडेपर्यंत मागे आणखी दोन-तीन पंप तसेच तयार झालेले असतात. टेबलांच्या मध्ये माल साठवू दिला तर पंधरा. म्हणून दोन टेबलांमध्ये एकच पंप ठेवायचा, जास्त नाही. टोयोटाने इथेच फोर्डची रीत उलटी केली: दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची, आणि वेळेत सुटला नाही तर लाइन थांबवायची. तुमच्याकडे लाल दिवा आणि साधा स्विच पुरतो. पण ९ मिनिटांच्या आत तिथे पोचणारा सुपरवायझर हवा. तोच डिस्पॅच आणि बँकही बघत असेल तर दिवा शोभेचा.

मग टेबल पद्धत टाकाऊ का?

नाही. सिंगल फेज, थ्री फेज, मध्येच पाच एचपी, महिन्याला दहा नग, अशा ऑर्डरींना तीच बरी. लाइनवर मॉडेल बदलायला प्रत्येक टेबलाला १० मिनिटं लागली तर पाच जणांची मिळून ५० मिनिटं जातात, म्हणजे एका अख्ख्या पंपाहून जास्त. व्होल्वोने स्वीडनमधल्या उद्देवाला इथे छोट्या गटांकडून पूर्ण गाडी जोडून घेण्याचा मोठा प्रयोग केला. तो कारखाना १९९३ मध्ये बंद झाला, पण त्यामागे मंदीही होती. तेवढ्यावरून पद्धतच चुकली म्हणणं घाईचं ठरेल. कॅननने तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस कन्व्हेयर काढून सेल आणले.

आमचा सल्ला असा: चालू मॉडेलसाठी सेल, फुटकळ मॉडेलसाठी कोपऱ्यात एक टेबल आणि त्यावर तुमचा सगळ्यात जाणता फिटर. लोखंडी टेबलं बनवून घेण्याआधी जमिनीवर खडूने यू आखा, जुनीच टेबलं त्यावर लावा आणि दोन आठवडे घड्याळ लावून वेळ टिपा. यूच्या दोन बाजूंमधली जागा सव्वा ते दीड मीटर ठेवा. त्याहून रुंद झाली की चालण्यातच मिनिटं जातात. कच्चा माल आणि तयार पंप यूच्या एकाच तोंडाशी येऊ द्या, म्हणजे एक पंप बाहेर पडल्याशिवाय नवा आत घ्यायचा नाही हे एकाच माणसाला बघता येईल. पंप हाताने उचलायची वेळ येऊ नये म्हणून टेबलांवर बिनमोटरचे रोलर लावा, आणि त्यांची उंची सगळ्यात बुटक्या नव्हे, सगळ्यात उंच कामगाराला वाकावं लागणार नाही अशी धरा. बुटक्याच्या पायाखाली फळी घालता येते.