जुनी चहादाणी घेताना: शेफील्ड प्लेट की ईपीएनएस?

चांदीचं पाणी दिलेली जुनी इंग्रजी चहादाणी किंवा कॉफीची उंच किटली घ्यायची असेल, तर आधी एक पाहा: चांदी भांडं घडवण्याआधी चढली आहे की नंतर?

शेफील्ड प्लेटमध्ये ती आधी चढते. थॉमस बोल्सोव्हरने १७४३च्या सुमारास शेफील्डमध्ये तांबं आणि चांदी तापवून एकजीव करण्याची रीत शोधली. तो जोडपत्रा लाटायचा आणि त्यातून भांडं घडवायचं. म्हणून पत्रा जुळवल्याचा सांधा राहतो, बहुधा मुठीच्या बाजूला. काठावर तांबं दिसू नये म्हणून चांदीची कड वळवलेली असते. चांदी एकाच बाजूला असेल, तर आतून चक्क कल्हई! वर्षानुवर्षं पुसून उंचवट्यांवर तांबूस झाक येते. मला ती फार सुंदर वाटते. कुणी कितीही सुचवलं तरी त्यावर नव्याने मुलामा देऊ नका, जुनेपणाचं मोल जातं.

ईपीएनएस म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. त्यात भांडं आधी आणि चांदी मागाहून, विजेच्या साहाय्याने. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी १८४०मध्ये याचं पेटंट घेतलं. आतला धातू म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा कणही नाही. थर झिजला तर तांबूस नव्हे, फिकट पिवळसर-करडा रंग दिसतो. मात्र अशा भांड्याला पुन्हा मुलामा देता येतो, त्यात गैर काही नाही. तळाशी ईपीबीएम (इलेक्ट्रोप्लेटेड ब्रिटानिया मेटल) अशी अक्षरं असतील, तर आत मुख्यतः कथिल आहे. ते मऊ असतं, लवकर वितळतं, दुरुस्तीला अवघड. गॅसवर चुकूनही ठेवू नका.

रोज चहा ओतायचा असेल, तर मी ईपीएनएसच सुचवेन. शेफील्ड प्लेट कपाटात ठेवून मन भरून पाहायची. आतली कल्हई उडून तांबं उघडं पडलं असेल, तर त्यातून चहा पिऊच नये.

दोन्हींत मूठ नीट तपासा. चांदी आणि तांबं उष्णता झटकन पोचवतात, त्यामुळे मूठ लाकडाची असते किंवा धातूच्या मुठीत पांढऱ्या चकत्या बसवलेल्या असतात. त्या चकत्या हस्तिदंताच्याही असू शकतात आणि भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. इकडे आणायची असेल, तर लाकडी मूठच निवडा. दुकानदार गरम पाणी ओतू देत असेल, तर तोटीच्या मुळाशी बोट फिरवून ओल लागते का पाहा.