आइसकास्ट: सर्व्हर दणकट, फक्त क्यू-साइझचा आकडा डोळे झाकून ठेवू नका

ऑनलाइन रेडिओसाठी आइसकास्ट (इंटरनेटवर ऑडिओ-व्हिडिओ प्रसारित करणारा सर्व्हर) बरेच दिवस वापरतोय म्हणून चार शब्द लिहितो. ओपन सोर्स, फुकट, छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) निवांत चालतं, एकदा बसवलं की फारसं बघावं लागत नाही. तक्रार एकच, क्यू-साइझ, म्हणजे मागे पडलेल्या ऐकणाऱ्यासाठी सर्व्हर जास्तीत जास्त किती डेटा राखून ठेवतो तो आकडा.

डिफॉल्ट आहे ५,२४,२८८ बाइट्स, म्हणजे ५१२ केबी. हे सेकंदात का नाही ठेवलं देव जाणे, कारण १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिटच्या) स्ट्रीमला त्यात ३२-३३ सेकंद मावतात, ३२० ला १३ आणि २ एमबीपीएसचा व्हिडिओ सोडलात तर जेमतेम २! म्हणजे ऐकणारा कसारा घाटातल्या बोगद्यात शिरला, रेंज गेली आणि तो तेवढा मागे पडला की सर्व्हर त्याला सरळ बाहेर काढतो. लोकांचे मेसेज येतात की तुमचा रेडिओ सारखा बंद पडतो आणि इकडे बघावं तर सीपीयू रिकामा, रॅम रिकामी, सगळं झकास.

एरर लॉग उघडा, लॉगलेव्हल (नोंदी किती तपशिलात ठेवायच्या ते) ३ ठेवली असेल तर स्वच्छ लिहिलेलं असतं की अमुक क्लायंट फार मागे पडलाय, काढतोय. याचे पूर्ण मार्क. अधूनमधून मोबाइलवालेच गळत असतील तर क्यू वाढवा, पण एकाच वेळी सगळे धपाधप गळले तर क्यूला हात लावू नका, सर्व्हरची स्वतःची बँडविड्थ तुंबलीये का ते आधी बघा.

हिशोब सोपा आहे, केबीपीएस गुणिले १२५ गुणिले जेवढे सेकंद हवेत तेवढे. ३२० ला मिनिटभर हवं तर २४,००,०००. हे प्रत्येक माउंटला (म्हणजे सर्व्हरवरच्या एकेका स्ट्रीमला) वेगळं देता येतं, तिथेच द्या. आणि क्यू वाढवली की सगळ्यांना उशिरा ऐकू येतं हा गैरसमज आहे हं, जो मागे पडलाय त्यालाच फक्त सवलत मिळते. सुरुवातीचा उशीर येतो तो बर्स्ट-साइझमुळे, म्हणजे ऐकणारा जोडला जाताच त्याला एकदम पाठवल्या जाणाऱ्या डेटामुळे, डिफॉल्ट ६५,५३६, म्हणजे १२८ ला ४ सेकंद. ते क्यूपेक्षा लहानच ठेवायचं.

रिले (मुख्य सर्व्हरकडून स्ट्रीम घेऊन पुढे वाटणारा दुसरा सर्व्हर) लावलेत तर जास्तच जपा. मुख्य सर्व्हरच्या लेखी रिले म्हणजे आणखी एक ऐकणारा, तो मागे पडला की त्यालाही तसंच हाकलतात आणि मग त्याच्यामागचे सगळे एकदम लटकतात. रिलेवर फॉलबॅक माउंट (मूळ स्ट्रीम तुटला की ऐकणाऱ्यांना जिथे वळवलं जातं तो पर्यायी स्ट्रीम) द्याच.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो नमुना कॉन्फिगमध्ये व्हिडिओवाल्यांसाठी ठळक इशारा नाही म्हणून.