बोलका कायदा : आठ महिन्यांनंतर

पेनाचं टोक टेकवलं की अक्षर बोलतं, असा अरबी कायदा, म्हणजे अक्षरं शिकायचं पहिलं पुस्तक, लेकीसाठी म्हापशातून आणला, त्याला आठ महिने झाले. साडेअकराशे रुपये पडले. आम्ही वाळपईचे. लेक मराठी शाळेत पहिलीला, संध्याकाळी मकतबला, म्हणजे कुराण वाचायला शिकवणाऱ्या वर्गाला.

सुटी २८ अक्षरं दीड महिन्यात झाली. पेनाचे पैसे इथेच वसूल. से, सीन, साद आमच्या तोंडी तिन्ही ‘स’च, आता लेक जीभ दातांत धरून ‘से’ काढते आणि माझ्या चुका काढते.

गाडी अडली ती जबर-जेरवर, म्हणजे ‘अ’ आणि ‘इ’च्या स्वरखुणांवर. अन् दोष द्यायचा तर आपल्या बाराखडीला! अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ म्हणजे तिच्या लेखी मात्रा, म्हणून ‘बे’वर जबर दिसला की ‘ब’ न म्हणता ‘बे’च म्हणायची. खाली काही दिसलं की उकार, म्हणून जेरला ‘बि’ऐवजी ठासून ‘बु’. त्यात ‘बे’च्या पोटाखाली स्वतःचा नुक्ता, म्हणजे टिंबही असतं, आणि कायद्यात सगळं काळ्याच शाईत छापलंय. शेवटी मीच बसून नुक्ते हिरवे, जबर, जेर आणि ‘उ’चा पेश लाल केले. आठवड्यात फरक पडला. एवढे पैसे घेतात, तर हे छापतानाच करायला काय जात होतं?

दुसरी कटकट म्हणजे, पेन म्हणतं ‘बा फतहा ब’, मकतबचे हाफिजसाब म्हणतात ‘बे जबर ब’. खूण एकच, पण पोरीला वाटायचं दोन वेगळे धडे आहेत. मुलं मकतबला जात असतील तर आधी तिथलं हिज्जे, म्हणजे अक्षर-खूण फोडून म्हणायची पद्धत, ऐका, मगच खरेदी करा.

जुलैत पेन गप्प झालं. कंपनीला तीनदा फोन, तिन्ही वेळा ‘कळवतो’. चार दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं तेव्हा बोललं, पण आवाज अजून घोगराच. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी पेनाच्या जागी छडी होती, ती कधी बिघडली नाही.”

परवा पाटीवर काफ, ते, बे जोडून लिहिले आणि तिन्हींवर जबर दिले. “कतब,” ती म्हणाली. म्हटलं, याचा अर्थ ‘त्याने लिहिलं’. मग जबर पुसून पेश दिले. “कुतुबु.” म्हणजे पुस्तकं. तिने पाटी ओढून घेतली, बोटाने सगळे पेश पुसले आणि माझ्यापुढे धरली. “आता तू वाच.”