दहा दिवस आणि एकच देश: ताटावरून ठरवायचं तर इटली, स्पेन, पोर्तुगाल की ग्रीस?

फेब्रुवारी लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. मे महिन्यात युरोपला जायचंय, हाताशी दहा दिवस आहेत, सात देशांचा धावता दौरा नकोय, एकच देश नीट बघायचाय आणि नीट खायचाय. मग नावं येतात: इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस. मी आधी एवढंच विचारते, बरोबर कोण कोण आहे? देश घरातल्या सगळ्यात खवय्या माणसावरून ठरवू नये, सगळ्यात कडक पथ्याच्या माणसावरून ठरवावा, असं माझं पक्कं मत झालंय. खवय्या कुठेही आपलं भागवून घेतो. पथ्याचं माणूस दुसऱ्या दिवशी ब्रेड-बटरवर आलं की बाकीच्यांच्या घशाखालीही घास उतरत नाही.

कागदावर हे चौघे सख्खे भाऊ. युनेस्कोने २०१० मध्ये 'भूमध्य सागरी आहार' आपल्या वारसा यादीत घेतला तो इटली, स्पेन, ग्रीस आणि मोरोक्कोच्या नावावर. २०१३ मध्ये त्यात पोर्तुगालही आलं. गंमत म्हणजे पोर्तुगालला भूमध्य समुद्राचा किनाराच नाही, तिथला सगळा किनारा अटलांटिकचा. ऑलिव्ह तेल, लसूण, कडधान्यं, पाव आणि वाइन चौघांकडे सारखंच. टेबलावर बसलात की मात्र फरक कळतो.

पहिला फरक घड्याळाचा. वडिलांची साखरेची गोळी एक वाजताची असेल तर स्पेनबद्दल दोनदा विचार करा. तिथे दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळेत बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद. साडेसातला रेस्टॉरंटमध्ये गेलात तर रिकाम्या खुर्च्या आणि तुमच्यासारखेच चार पर्यटक. इटलीत साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसात-आठनंतर, पोर्तुगालही साधारण तसंच, म्हणजे आपल्या घरच्या वेळांच्या जवळ. ग्रीक माणूस स्वतः रात्री उशिरा जेवतो, पण बेटांवरच्या आणि पर्यटकांच्या वस्तीतल्या टाव्हर्ना, म्हणजे खानावळी, बहुधा दिवसभर उघड्या असतात.

स्पेनच्या बाजूने एक सांगायला हवं. तिथे कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' मिळतो: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा फळ, साधारण बारा ते सोळा युरोत. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९६०च्या दशकात, सरकारने पर्यटकांसाठी ठरवून दिलेल्या थाळीतून ही पद्धत रुळली. आज तिथला कारकून आणि गवंडी शेजारशेजारच्या टेबलांवर तेच जेवतात. दुपारी हे पोटभर आणि रात्री काउंटरपाशी उभ्याने दोन-तीन तापास, म्हणजे छोट्या बशांतले पदार्थ, एवढं जमवलंत की नऊ वाजेपर्यंत तळमळत बसावं लागत नाही.

आता खरा प्रश्न, शाकाहारी माणसाचा. इथे ग्रीस बाकी तिघांना मागे टाकतं, आणि त्याचं कारण फॅशन नाही, धर्म आहे. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चचे उपवास लांबलचक. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि पवित्र आठवडा, ख्रिसमसआधीचे चाळीस, ऑगस्टमधले पंधरा, शिवाय बहुतेक बुधवार आणि शुक्रवार. कडक पाळणाऱ्याचं निम्मं वर्ष उपवासात जातं. या दिवसांत मांस, मासे, अंडी, दूध, लोणी, चीज सगळं बंद. त्यामुळे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यांची एक अख्खी शाखा तिथे पिढ्यान् पिढ्या तयार झाली आहे. तिला 'लादेरा' म्हणतात, म्हणजे तेलातल्या भाज्या. टोमॅटोतली फरसबी, वांगं-बटाटा-दुधी भोपळ्यासारखी झुकिनी एकत्र भाजलेलं 'ब्रियाम', आणि 'बामिएस', म्हणजे चक्क भेंडी. सँटोरिनीची 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर कच्चा कांदा, लिंबू आणि तेल. सिफनोस बेटावर शनिवारी संध्याकाळी मातीच्या भांड्यात छोले, कांदा आणि तेल घालून ते लाकडाच्या भट्टीत ठेवतात, आणि रविवारी चर्चमधून परतताना घरी नेतात. त्याचं नाव 'रेविथाडा'. त्यात मसाला जवळजवळ नसतोच, तरी रात्रभराच्या धगीने छोले असे होतात की जिभेने दाबले तरी फुटतात.

टाव्हर्नात 'निस्तिसिमो' हा एक शब्द लक्षात ठेवा. त्याचा अर्थ उपवासाला चालणारं. पण आपला उपवास आणि त्यांचा उपवास एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत. आपल्याला दूध-दही चालतं, डाळ चालत नाही. त्यांना डाळ चालते, दूध चालत नाही. आणि रक्त नसतं या न्यायाने त्यांना कोळंबी, माकुल, ऑक्टोपस चालतात. म्हणजे निस्तिसिमो म्हणून जे समोर येईल त्यात आठ पायांचं काही नाही ना, हे एकदा विचारून घ्यावं.

ग्रीसमधली दुसरी अडचण अशी, की सकाळी करून ठेवलेले हे पदार्थ कोमट वाढतात. ती त्यांची रीतच आहे, त्यांच्या मते चव तशीच उतरते. वाफाळत्या भाताशिवाय ज्यांना जेवल्यासारखं वाटत नाही त्यांनी मनाची तयारी करून जावं. माझ्या सासूबाईंनी तीन दिवस "गरम करून दे म्हणावं" हे एकच वाक्य लावून धरलं होतं. चौथ्या दिवशी गप्प बसल्या, कारण फरसबी त्यांना आवडली होती.

इटली शाकाहाऱ्यासाठी सोपी, असं सगळे सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. मरिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजचा पत्ताच नाही. टस्कनीत शिळा पाव, राजमा आणि काळसर पानांची भाजी घालून केलेली 'रिबोलिता'. पण मराठी माणसाने इटलीत शोधायचं ते बेसन. जेनोवाकडची 'फरिनाता' म्हणजे बेसन, पाणी, तेल, मीठ फेटून तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं धिरडं, कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ. पालेर्मोत रस्त्यावर 'पनेल्ले' मिळतात. तिथे एका गाडीवाल्याशेजारी मी अर्धा तास उभी होते. बेसन पाण्यात शिजवून गुठळी मोडत घोटायचं, त्यात पार्सली चिरून घालायची, गरम असतानाच पसरायचं, थापायचं, गार झालं की कापायचं. इथपर्यंत ती आपली पाटवडीच. पुढे आपण खोबरं-कोथिंबीर भुरभुरवतो, तो वड्या तळतो आणि तीळ लावलेल्या पावात घालून लिंबू पिळतो. वडापावच्या गावचं कुणी असेल तर त्याला वेगळं समजावून सांगायला नको.

कडक शाकाहाऱ्यांसाठी एक कडू गोष्ट. पार्मिजानो रेज्जानो चीजच्या नियमातच वासराच्या जठरातलं विरजण बसतं, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचं. म्हणजे रोमचा निव्वळ चीज-मिऱ्यांचा पास्ता 'काचो ए पेपे' दिसायला शाकाहारी, हिशेबाने नाही. ग्रीक फेटा चीजलाही बहुधा हेच लागू. भारतात आपण पार्मेझान भुरभुरवताना हे विचारत नाही, तिथे विचारायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी सांगून मोकळी.

स्पेनमध्ये शाकाहाऱ्याची खरी परीक्षा. 'मांस नको' म्हटलं तर सॅलडवर टुना येतो, कारण तो मासा. आणि भाजीत डुकराच्या हॅमचे तुकडे येतात, कारण ते हॅम, 'मांस' नव्हे. सेव्हियात एका वेटरने मला हा फरक अगदी मनापासून समजावून दिला होता. तिथे नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, हॅम नको, टुना नको, अँचोव्ही नको अशी नावं घेऊन सांगायचं. एवढं केलंत तर मिळतं ते चांगलं असतं: सेव्हियाचे पालक-छोले, ज्यांत जिऱ्याचा वास येतो आणि एकदम घरची आठवण होते, बदाम-लसणाचं गार पांढरं सार 'आखो ब्लांको', आणि पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, ज्यांतली दहातली एखादी तिखट निघते. अंडं खात असाल तर 'तोर्तिया', म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, गल्लोगल्ली. पाएया, म्हणजे पसरट कढईतला भात, मात्र व्हॅलेन्सियात, दुपारीच, आणि मूळची सशाच्या आणि कोंबडीच्या मांसाची. तळाला धरलेल्या खरपुडीला ते 'सोकारात' म्हणतात आणि आपल्यासारखेच तिच्यावरून भांडतात.

पोर्तुगाल शाकाहाऱ्यासाठी चौघांत शेवटी. २०१७ पासून तिथल्या सरकारी उपाहारगृहांत वनस्पतिजन्य जेवण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण गल्लीतल्या खानावळीला, म्हणजे 'ताश्का'ला, तो कायदा लागू नाही. 'काल्दु व्हेर्द' हे बटाटा आणि पालेभाजीचं सूपसुद्धा सॉसेजची चकती तरंगवत येतं. 'पेइशिन्युश द ओर्ता' म्हणजे 'मळ्यातल्या मासोळ्या' हे नाव ऐकून दचकू नका. ती फरसबीची भजी आहेत. पिठात बहुधा अंडं असतं, तेवढं विचारा. हीच भजी पोर्तुगीजांबरोबर जपानला गेली आणि तिची टेम्पुरा झाली, असं मानतात.

पण घरात मासे खाणारे असतील, आणि त्यातून कोकणातले असतील, तर बाकीचं सगळं विसरून पोर्तुगालचं तिकीट काढा. युरोपात ताजी कोथिंबीर सढळ हाताने वापरणारा दुसरा देश मला माहीत नाही. लसूण, ऑलिव्ह तेल आणि कोथिंबिरीत उघडलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) समोर येतात, तळाशी उरलेला रस पावाने पुसून घ्यायचा, आणि वेंगुर्ल्याच्या माणसाला आपण कुठे बसलोय हे क्षणभर आठवत नाही. जूनमध्ये लिस्बनच्या सांतु अंतोनियुच्या जत्रेत गल्लीगल्लीत निखाऱ्यावर तारल्यांसारख्या सार्डिन भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात. राष्ट्रीय म्हणावा तो मासा मात्र 'बाकल्याव', खारवून वाळवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतही नाही, पूर्वी शतकानुशतकं न्यूफाउंडलंडकडून यायचा, आता मुख्यतः नॉर्वेकडून येतो. दुकानात तो लाकडाच्या फळ्यांसारखा उभा रचलेला असतो, आणि त्या दुकानाचा वास पावसाळ्याआधीच्या सुकटीच्या बाजाराची आठवण करून देतो. रांधण्याआधी दिवस-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. सुके बोंबील ज्यांना प्रिय, त्यांना हा पहिल्या घासात आवडतो. इतरांनी अंड्यात आणि बटाट्याच्या सळ्यांत परतलेल्या 'ब्राश' पद्धतीने सुरुवात करावी.

मेनूकार्डही तिथलं थोडं आपलंच. बताता, पांव, काजु, अनानाश, आणि कोबीचं मूळ 'कोव्ह'. हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे उतरले. म्हणून गोव्याचं जेवण लिस्बनमध्ये सापडेल या आशेने मात्र जाऊ नका. विंदालूचं मूळ 'व्हिन्या द आल्युश' पोर्तुगालच्या मदैरा बेटावर नाताळात अजून होतं, पण ते वाइन-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस, सौम्य. व्हिनेगर माडाचं आणि मिरची सढळ झाली ती गोव्यात. पोर्तुगीजांनी मिरची आपल्याकडे आणली, स्वतःच्या ताटात फारशी घेतली नाही.

बिलाच्या खोड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. पोर्तुगालमध्ये न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, मग बिलात येत नाही. तिथे 'मेया दोझ' मागा, अर्धी प्लेट एकाला पुरून उरते. इटलीत 'कोपेर्तो' म्हणून माणशी दीड ते तीन युरो बहुतेक ठिकाणी लागतात, त्यावर वाद घालून उपयोग नाही. कॉफी काउंटरला उभ्याने प्यायची, बसलात की दर वाढतो. याच्या उलट स्पेनमधल्या ग्रनादात पेयाबरोबर तापास फुकट, आणि ग्रीसमध्ये बिल मागितलं की बऱ्याचदा फळं नाहीतर गोडाची बशी दुकानदाराकडून.

गोडाचं थोडक्यात सांगते. अंडं न खाणाऱ्यांना पोर्तुगाल जवळजवळ बंद. १८३७ पासून लिस्बनच्या बेलेंमध्ये विकल्या जाणाऱ्या कस्टर्डच्या टार्टपासून सगळं पिवळ्या बलकावर उभं आहे. स्पेनचे चुरोस, म्हणजे तळलेल्या कांड्या, नुसत्या कणकेचे, बिनअंड्याचे असतात.

यंदाचा फोन होता पाच जणांच्या कुटुंबाचा: आजी शाकाहारी, अंडंही नाही, नातवंडं काहीही खाणारी. मी ग्रीस म्हटलं. मे महिन्यात भेंडी मिळणार नाही, ती तिथे उन्हाळ्याची. पण लिंबू-शेपूत शिजवलेले आर्टिचोक आणि बटाटे तेव्हा हंगामात असतात. तिकीट काढण्याआधी ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख तेवढी बघून घ्या म्हटलं, ती आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरहून बहुधा वेगळी असते आणि कधी मेपर्यंत पुढे जाते. त्याच्या आदल्या आठवड्यात पोहोचलात तर आजींना सगळा देश आपल्यासाठीच रांधतोय असं वाटेल. शनिवारी मध्यरात्री मेणबत्त्या पेटतात, उपवास सुटतो, आणि रविवारी सकाळी अंगणा-अंगणात अख्खं कोकरू सळईवर फिरत असतं. त्या दिवशी आजींना घेऊन समुद्रावर जा, बरोबर पालक भरलेली पेस्ट्री असू द्या, शनिवारीच घेऊन ठेवलेली. चीज-अंडं नसलेली उपवासाची, तेवढं दुकानात सांगून.