उत्तरेत पाऊसच महाग पडतो: जुनी बाईक, तंबू आणि स्पिरिटचा स्टोव्ह, सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये मी हॅम्बर्गला अकरा वर्षं जुनी, पाचशे सीसीची, दोन सिलिंडरची गाडी घेतली. आता ऑक्टोबर संपत आलाय आणि मीटरवर १४,२०० किलोमीटर वाढलेत. त्यातले ८,९०० जून-जुलैच्या ३४ दिवसांत झाले: डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, नॉर्वे आणि परत. गाडी, तंबू, स्टोव्ह, रेनसूट, बॅगा हे सगळं या सात महिन्यांत नीट वापरून झालंय, म्हणून आता लिहितोय. जाण्याआधी मला हवी असलेली माहिती मराठीत कुठे सापडली नव्हती.

खर्चाचं आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. ३४ दिवसांचे मिळून १,७४० युरो गेले. पेट्रोल ६८०, फेरीबोटी २९०, खाणं ३१०, मुक्काम ४६०. तेव्हाच्या भावाने दीड लाख रुपयांच्या थोडं वर. ३३ रात्रींपैकी २१ रात्री जंगलात किंवा समुद्राकाठी फुकट झोपलो, ८ रात्री कॅम्पिंगच्या मैदानावर आणि ४ रात्री लाकडी केबिनमध्ये. या चार केबिनचेच २६० युरो झाले. त्यातल्या तीन मी फक्त ओला झालो होतो म्हणून घेतल्या.

मी मूळचा चिपळूणचा. पावसात वाढलो, त्यामुळे पावसाची भीती अशी नव्हतीच, आणि चूक तिथेच झाली. आपल्याकडे जुलैत भिजलं तर घरी येऊन डोकं पुसलं, चहा घेतला की झालं. नॉर्वेतल्या सेन्या बेटावर पारा ७ अंशांवर असताना, ऐंशीच्या वेगाने, मांडीवरून आत झिरपणारं पाणी ही वेगळीच गोष्ट आहे. अर्ध्या तासात बोटं क्लच दाबेनाशी होतात. मग माणूस खर्चाचा विचार करत नाही; पहिला दिवा दिसेल तिथे वळतो आणि सांगतील ते पैसे देतो. मी दिले, ७० युरो, एका रात्रीचे.

तो रेनसूट ३५ युरोंचा होता. जर्मनीत वसंतातल्या सरींमध्ये त्याने कधी तक्रार केली नाही. सलग तीन तासांच्या पावसात मात्र दोन पायांच्या मधल्या शिवणीतून पाणी आत आलं. ट्रोम्सोच्या अलीकडेही तेच झालं होतं, मी दुर्लक्ष केलं. सेन्यानंतर मी बिल्टेमाच्या दुकानात गेलो. बिल्टेमा म्हणजे चारही देशांत असलेलं गाडीचे पार्ट, हत्यारं आणि कामाचे कपडे यांचं मोठं दुकान, आणि उत्तरेत काटकसरीने फिरणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावंच. तिथे कामगार घालतात तसला जाड, रबरासारख्या कापडाचा पावसाळी सूट मिळाला. घाम येतो, दिसायला बाइकवाल्याचा नाही, पण त्याची शिवण वितळवून जोडलेली आहे. त्यानंतरच्या १५ दिवसांत चार दिवस धो धो पाऊस लागला आणि मी आतून कोरडा राहिलो. हातांसाठी ग्लोव्ह्जवरून भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी हातमोजे घातले. त्यांच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला अजून मिळालेला नाही.

पावसाशी जमवून घ्यायचा दुसरा मार्ग फुकट आहे आणि तो फक्त तिथेच मिळतो. आर्क्टिक वृत्ताच्या वर जूनमध्ये सूर्य मावळत नाही. मग सकाळी आठलाच निघायचं असं बंधन कशाला? नॉर्वेचं हवामान खातं आणि तिथलं सरकारी प्रसारण महामंडळ मिळून २००७ पासून ‘यर’ नावाची हवामान सेवा चालवतात. ती तासातासाचा पाऊस सांगते आणि माझ्या अनुभवात चांगलीच जुळली. दिवसभर पाऊस आणि रात्री दहा ते तीन उघडीप असं दिसलं की मी दुपारी तंबूत झोपायचो आणि रात्री दहाला किक मारायचो. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरचा ई-१० रस्ता मी रात्री साडेअकराला, सोनेरी उन्हात, जवळजवळ एकट्याने पाहिला. फक्त रेनडिअर सांभाळा. ते रस्त्यावर उभे राहतात, हॉर्नला हलत नाहीत आणि एक दिसला की मागे दहा असतात. प्रत्येक जनावर कुणा ना कुणाच्या मालकीचं असतं, धडक झाली तर पोलिसांना कळवावंच लागतं.

आता फुकट झोपण्याबद्दल. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या तिन्ही देशांत निसर्गात हिंडण्याचा आणि रात्रभर तंबू लावण्याचा हक्क सगळ्यांना आहे, परदेशी माणसालाही. नॉर्वेत तो १९५७ च्या कायद्यात लिहिलेला आहे: राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब, आणि वस्तीजवळच्या भागात एका जागी जास्तीत जास्त दोन रात्री. डेन्मार्कमध्ये असा सरसकट हक्क नाही, ठरवून दिलेल्या जंगलांत आणि लाकडी निवाऱ्यांतच झोपता येतं. पण एक गोष्ट मला कुणी नीट सांगितली नव्हती. हा हक्क माणसाला आहे, गाडीला नाही. रस्ता सोडून गाडी आत नेणं बेकायदा आहे. गाडी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत लावायची आणि सामान उचलून आत चालत जायचं.

यामुळे माझ्या सामानाचा हिशोबच बदलला. एप्रिलमध्ये मी हौसेने ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या लावल्या होत्या. मे महिन्यात सरावाला म्हणून स्वीडनच्या दक्षिणेत तीन दिवस गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी त्या पेट्या हातात धरून दगडांतून, खुरट्या झुडपांतून चालताना नडग्या सोलून निघाल्या. परत आल्यावर विकून टाकल्या. त्याऐवजी तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या दोन वॉटरप्रूफ बॅगा घेतल्या, खांद्याला अडकवता येतील अशा. एकीत झोपण्याचं सगळं, दुसरीत स्वयंपाक आणि कपडे. एका फेरीत सगळं सामान आत. उत्तरेत तंबू घेऊन जाणार असाल तर पेट्यांवर पैसे घालू नका, हे मी ठासून सांगेन.

तंबू दोन माणसांचा घ्या, एकटे असलात तरी, कारण हेल्मेट आणि जॅकेट आतच ठेवावं लागतं. आणि खुंट्यांशिवाय उभा राहणारा घ्या. लोफोटेनला कितीतरी ठिकाणी गवताखाली चार बोटांवर खडक लागतो, खुंटी आत जातच नाही. माझा तंबू उभा राहिला, पण वरच्या कापडाची एक शिवण तिसऱ्या आठवड्यात गळायला लागली. घरी आल्यावर शिवणीवर लावायचं सीलंट फासलं, सप्टेंबरच्या पावसात टिकलं. हे निघण्याआधी करायला हवं होतं.

स्टोव्ह मात्र या सगळ्या यादीतला माझा सर्वात लाडका. स्वीडिश बनावटीचा ट्रांजिया, स्पिरिटवर चालणारा. येम्टलंड भागातल्या ट्रोंग्सविकेन या छोट्या गावात बनतो, पितळेचा वाटीसारखा बर्नर आणि भोवती वारा अडवणारं कडं. ना पंप, ना हलणारा भाग, त्यामुळे बिघडायला काही नाहीच. गॅसचे डबे उत्तरेकडे सगळीकडे मिळतीलच असं नाही, आणि मिळाले तरी महाग. स्पिरिट मात्र पेट्रोल पंपावर आणि किराणा दुकानातही मिळतं, फक्त नाव ठाऊक हवं: स्वीडनमध्ये टी-रोड, नॉर्वेत रोडस्प्रिट, फिनलंडमध्ये सिनोल. दहा भाग स्पिरिटला एक-दीड भाग पाणी घातलं तर भांड्याच्या बुडाला काजळी कमी धरते. गारठ्यात बर्नर पेटायला कुरकुरतो, म्हणून मी तो आधी दहा मिनिटं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचो. ज्योत उजेडात दिसतच नाही, हे पक्कं लक्षात असू द्या. पूर्ण विझून गार झाल्याशिवाय पुन्हा स्पिरिट ओतायचं नाही, आणि तंबूच्या आत पेटवायचा नाही. रानात कोरड पडली की आगबंदीही लागते. नॉर्वेत तर १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलालगत उघडी आग पेटवायला मुळातच मनाई आहे. म्हणून मी नेहमी पाण्याकाठच्या उघड्या खडकावर बसून रांधलं.

आईने कुळथाचं पीठ पाठवलं होतं, दीड किलो. हलकं, नासत नाही, आणि दहा मिनिटांत पोटभर गरम जेवण. त्या लहान पातेल्यात तेल, लसूण, मिरची, पाणी, मग पीठ वैरायचं आणि ढवळत राहायचं. स्पिरिटची आच मंद असल्याने गुठळी होत नाही. सोबत स्वीडनमधून भरून घेतलेला तांदूळ. नॉर्वेत क्रोनरचा भाव साधारण आठ रुपये होता आणि साधा बर्गर दीडशे-दोनशे क्रोनरला. त्या हिशेबाने एका पिठल्याने माझे हजारभर रुपये वाचत होते. भाकरी नव्हती, तिथली राय (rye) नावाच्या धान्याची कडक पोळी कुस्करून खाल्ली, चांगली लागते. मी नॉर्वेत किवी किंवा रेमा १००० या किराणा दुकानांत जायचो आणि दुकानाचा स्वतःचा स्वस्त ब्रँडच घ्यायचो. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. बाटल्या-कॅन टाकू नका, नॉर्वेत यंत्रात परत केल्या की लहानीला दोन आणि मोठीला तीन क्रोनर मिळतात. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं आहे, पाणी विकत घेण्याची गरज एकदाही पडली नाही.

खाण्यावर उधळपट्टी अशी एकच केली: पश्चिम नॉर्वेच्या फेरीबोटीवरचं स्वेले. जाडसर, मऊ, गोड घावन म्हणा ना, मध्ये लोणी-साखर घालून दुमडलेलं. बाहेर पाऊस आणि हातात ते गरम. दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा पैसे वसूल झाले.

फेरीबोटींचा खर्च टाळता येत नाही, पण टोल टळतो. नॉर्वेत टोलनाक्यांवर मोटरसायकल फुकट, स्वीडनच्या शहरांतला गर्दीचा करही बाइकला नाही. डेन्मार्कचे मोठे पूल मात्र बाइकलाही पैसे लावतात. मी जर्मनीतल्या पुटगार्डनहून डेन्मार्कमधल्या रॉड्बीला ४५ मिनिटांच्या बोटीने आणि तिथल्या हेल्सिंगरहून स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गला २० मिनिटांच्या बोटीने गेलो. फेरीचा आणखी एक उपयोग मला नॉर्वेतल्या फिल्केसवेई १७ या किनारी रस्त्यावर कळला. स्टाइनशेर ते बोडो या रस्त्यावर सहा बोटी घ्याव्या लागतात, त्यातली एक आर्क्टिक वृत्त ओलांडते. प्रत्येक बोटीत उबदार बैठक, गरम पाणी, सॉकेट. मोजे, ग्लोव्ह्ज, फोन सगळं तिथे सुकतं आणि चार्ज होतं. कॅम्पिंगवर जाणार असाल तर आधी ‘तोर्केरूम’ आहे का ते विचारा, म्हणजे कपडे सुकवायची गरम खोली. बऱ्याच ठिकाणी असते, आणि ती असेल तर महागड्या केबिनची गरजच उरत नाही. मला हे कळेपर्यंत तीन केबिन घेऊन झाल्या होत्या.

चौथी केबिन उत्तर फिनलंडमधल्या इनारीजवळ, डासांमुळे. लॅपलंडचे डास आपल्यासारखे संध्याकाळी येत नाहीत, चोवीस तास असतात. हेल्मेट काढलं की कानात. डोक्यावर घ्यायची जाळी पाच युरोंना मिळते, ती मी घेतली नव्हती. घ्या.

गाडीबद्दल कमी लिहितोय, कारण तिने कमी त्रास दिला. लिटरला २५ किलोमीटर, सामानासकट. नॉर्वेत वेगमर्यादा बहुतेक ८०, दंड जबर, त्यामुळे मोठ्या इंजिनाचा तिथे उपयोगच नाही. सोन्येफेलेटच्या १,४३४ मीटरच्या घाटातही ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर मजेत चढली. लक्ष मागते ती चेन. रात्रभर पाऊस झाला की सकाळी कड्यांवर नारिंगी गंज दिसायचा. गाडीला मधला स्टँड नाही, म्हणून गाडी हातभर पुढे ढकलायची, दिसेल तेवढ्या कड्यांना ल्यूब, पुन्हा हातभर. चाकाचे दोन फेरे होईपर्यंत पाठ भरून यायची, पण हे मी दर ५०० किलोमीटरला केलं आणि घरी परतल्यावर चेन बदलावी लागली नाही. मागचा टायर मात्र संपला. तिथलं डांबर खरखरीत आहे, टायर भराभर झिजतो. निघताना निम्म्याहून जास्त नक्षी होती, परतलो तेव्हा कायद्याच्या १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकला होता. नवा टायर घालूनच निघा, नॉर्वेत बदलायची वेळ आली तर मजुरीच जास्त होते. साइड स्टँडखाली ठेवायला चपटा केलेला पत्र्याचा डबा जवळ ठेवा, भिजलेल्या मातीत गाडी रात्रीत कलते.

युरोपचं उत्तर टोक म्हणून प्रसिद्ध असलेल्या नॉर्वेतल्या नॉर्डकॅपला जाताना ६.९ किलोमीटरचा बोगदा समुद्रसपाटीच्या २१२ मीटर खालून जातो, आत गारठा आणि धुकं, व्हायझर उघडून चालवावी लागली. टोकावर बसेस आणि गर्दी. मी त्याहून उत्तरेला असलेल्या क्निव्हशेलोडेन या भूशिरावर चालत गेलो, जाऊन-येऊन साधारण १८ किलोमीटर. पैसे लागत नाहीत, आणि तिथून नॉर्डकॅपचा कडा समोरून दिसतो.

भारतातून जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी एक गोष्ट: आपला परवाना इथे रहिवासी झाल्यापासून सहाच महिने चालतो, नंतर लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तो खर्च वर धरलेला नाही.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा जातोय, या वेळी फक्त नॉर्वेचा पश्चिम किनारा. तोच तंबू, तोच स्टोव्ह. बिल्टेमाचा सूट धुऊन बाल्कनीत टांगलाय, आणि डासांची जाळी आत्ताच बॅगेत घालून ठेवलीय.