टप्प्याटप्प्यानं फी ठरवून केलेला वकील: नाशिक कोर्टातल्या वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. दिवाणी दाव्यासाठी वकिलाची फी एकरकमी न ठरवता कामाच्या टप्प्यांवर ठरवली आणि ते कागदावर लिहून घेतलं. वर्ष उलटलं, पुन्हा करायची वेळ आली तर असंच करेन. पण ही पद्धत जितकी सरळ वाटते तितकी नाही. दोन ठिकाणी ती अडखळली, आणि काही खटल्यांत ती चालणारच नाही असं माझं मत झालंय.

प्रकरण वाटणीचं. मखमलाबाद शिवारात आईच्या वडिलांची वडिलोपार्जित दोन एकर जमीन. आजोबा 2001 साली गेले. वारस नोंद झाली तेव्हा मामांची नावं कब्जेदार म्हणून चढली आणि आई व दोन्ही मावश्यांची नावं सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात गेली. शहर तिकडे सरकेपर्यंत कुणाला त्याचं काही नव्हतं. मग मोठे मामा हक्कसोड पत्राचा, म्हणजे जमिनीवरचा वाटा सोडून देण्याचा, मसुदा घेऊन घरी आले, सोबत पैठणी. आईनं पैठणी ठेवून घेतली, सही केली नाही.

आता वकील शोधायचा. इथे पहिली अडचण अशी की वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था, तिचा नियम 36 तसं सांगतो. 2008 पासून नाव, पत्ता, सनद, कामाचं क्षेत्र एवढी मोजकी माहिती संकेतस्थळावर टाकता येते, बस. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं पोर्टलांवरून गिऱ्हाईक मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं. तेव्हा 'नाशिकचे टॉप दहा वकील' छापाच्या याद्या दिसल्या की पुढे सरकायचं. मी एका पोर्टलवर पैसे भरून फोनवर सल्ला घेतला होता. समोरच्या माणसानं सातबारा न बघता 'केस स्ट्राँग आहे' म्हणून सांगितलं. केस स्ट्राँग असल्याचं तो सगळ्यांनाच सांगत असणार.

त्यापेक्षा कोर्टात जाऊन बसणं फार कामाचं. सीबीएसजवळचं (मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं) जिल्हा न्यायालय. दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तरच्या कोर्टात मागच्या बाकावर शांत बसलं तर कुणी हटकत नाही, कामकाज खुलंच असतं. पुकारा झाल्यावर कोण उभं राहतं, कोण नुसताच मुदतीचा अर्ज देतं, कुणाला आपल्या पक्षकाराचं नाव फाईल उघडून बघावं लागतं, हे तासाभरात कळतं. ज्यांच्या कार्यालयात आम्हाला बराच वेळ बाहेर बसवून ठेवलं होतं, त्यांच्या नावावर त्या दिवशी एक पोरगेलासा ज्युनियर तारीख घेऊन गेला. आमच्या मॅडम, म्हणजे पुढे आम्ही केलेल्या वकील, मला तिथेच पहिल्यांदा दिसल्या. उलटतपास घेत होत्या, आवाज न चढवता. आधी चिठ्ठीवर नाव लिहून घेतलं, मग फोन केला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते: दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात चालतो. मखमलाबाद म्हणून आमचा नाशिकला. जमीन निफाड किंवा येवल्याकडची असती तर नाशिकच्या वकिलाचा येण्याजाण्याचा खर्च प्रत्येक तारखेला अंगावर पडला असता. तिथे त्याच कोर्टातला वकील बरा. आणि 'मुंबईचा वकील करा' हा सल्ला आमच्याकडे प्रत्येक लग्नात मिळतो. नाशिकची उच्च न्यायालयातली अपिलं मुंबईला जातात हे खरं, पण ते पुढचं पुढे.

वकील निवडताना आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. आजोबा 2001 मध्ये वारले आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची. मग आईचा मुलासारखा हक्क उरतो का? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात दिलेलं आहे: हक्क जन्मानं येतो, 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. एक नामांकित, केस पिकलेले वकील म्हणाले, 'वडील आधी गेले ना, मग काही नाही, हक्कसोड देऊन टाका.' त्यांना 2020 चा निकाल माहीत नव्हता, की मामांची ओळख होती, देव जाणे. मॅडमनी निकाल सांगितला आणि वर आम्हालाच विचारलं, 'मामा तोंडी वाटणी झाल्याचं म्हणतील. नोंदणी झालेलं वाटणीपत्र आहे का कुठं? फेरफार सगळे काढले का?' फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं कधी आणि कशी बदलली त्याच्या नोंदी, आम्ही काढलेले नव्हते. जो वकील पहिल्या भेटीत आपल्याला कामाला लावतो तो मला जास्त पटतो.

आता पैसे. मी अंबडला एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. मशीनची ऑर्डर देताना आम्ही थोडा आगाऊ, थोडा माल आल्यावर, थोडा मशीन चालू झाल्यावर असे पैसे देतो. वकिलाच्या बाबतीत मात्र सगळे गप्प बसून पाकीट देतात, हे मला पटत नव्हतं. आमच्यासमोर आलेले भाव असे: एकाचे एकरकमी दीड लाख, निम्मे आधी. दुसऱ्याचे दर तारखेला 1,500. ऐकायला स्वस्त, पण वाटणीच्या दाव्यात तारखा किती पडतील याचा भरवसा नाही, आणि तारीख वाढली की वकिलाची कमाई वाढते हे गणित मला झेपेना. तिसरे म्हणाले, आत्ता काही देऊ नका, निकाल लागल्यावर चार गुंठे माझे. गोड वाटतं, पण निकालावर अवलंबून फी घेणं किंवा दाव्यातल्या मिळकतीत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जो पहिल्याच दिवशी स्वतःचा नियम मोडतो त्याच्या हातात फाईल कशी द्यायची?

मॅडमशी ठरलं ते असं: दावा तयार करून दाखल करेपर्यंत 20,000, निशाणी 5 चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचा, हुकूम होईपर्यंत 15,000, पुराव्याचे 25,000, युक्तिवादाचे 15,000. कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, नकला, समन्सचा खर्च आणि पेपरातली जाहीर नोटीस वेगळी, पावतीसह. एका पानावर लिहिलं, दोघींच्या सह्या. त्या आधी हसल्या, 'असं कुणी मागत नाही हो.' मग स्वतःच एक ओळ घातली: निशाणी 5 आणि पुराव्याला त्या स्वतः उभ्या राहतील, ज्युनियर नाही. माझ्या मते पंच्याहत्तर हजारांतला खरा माल ती ओळ आहे.

वकीलपत्रही, म्हणजे वकिलाला आपल्या वतीनं काम करायला देतो तो सहीचा कागद, वाचा. आमच्या छापील नमुन्यात पक्षकाराच्या वतीनं तडजोड करण्याचा अधिकार वकिलाला दिलेला होता. आईनं तेवढं वाक्य काट मारून सही केली. मॅडमनी हरकत घेतली नाही.

वापरात सगळ्यात उपयोगी काय ठरलं? दाव्याचा मसुदा मराठीत मागितला ते. जिल्ह्याच्या कोर्टात मराठी चालते, पण ज्युनियर मंडळी जुन्या इंग्रजी मसुद्यांवर नावं बदलत बसतात. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. तिनं जेवण झाल्यावर चष्मा लावून सगळा दावा वाचला आणि वंशावळीवर बोट ठेवलं: 'सुमन कुठंय?' सुमन म्हणजे धाकटी मावशी. ती वारली, तिची मुलं सुरतेला असतात. त्यांची नावंच आली नव्हती. वाटणीच्या दाव्यात एक वारस सुटला तर समोरचा वकील 'आवश्यक पक्षकार नाही' म्हणून अख्खा दावा अडवू शकतो. ही चूक इंग्रजी मसुद्यात आमच्यापैकी कुणालाच दिसली नसती. मॅडम ज्युनियरला आमच्यासमोर काही बोलल्या नाहीत, पण पुढचे सगळे अर्ज मराठीतच आले.

दुसरी उपयोगी गोष्ट ई-कोर्ट्सचं अ‍ॅप. दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि झालेले हुकूम दिसतात. टप्प्याचं नाव इंग्रजीत असतं, आईला ते मी वाचून दाखवते. आमच्यासारख्या टप्प्याच्या फीला हे अ‍ॅप फार जुळतं, कारण टप्पा संपला की नाही हे वकिलाला विचारावं लागत नाही. फोन कमी झाले, त्यामुळे संबंधही बरे राहिले.

आता अडखळलं कुठे. पहिलं, समन्स. धाकटे मामा पत्त्यावर 'आढळून आले नाहीत', समन्स पोचवणारा कोर्टाचा बेलीफ परत. पुन्हा समन्स, पुन्हा तारीख. या काळात एकही टप्पा पुरा होत नाही, म्हणजे वकिलाला एक पैसा नाही. मॅडमनी तक्रार केली नाही, पण फोनला उत्तर उशिरा येऊ लागलं, ते मला समजतं. मग प्रतिवादींची कैफियत, म्हणजे दाव्याला त्यांचं लेखी उत्तर. कायद्यात तीस दिवस, फार तर नव्वद. पण साध्या दिवाणी दाव्यात कोर्ट उशीर माफ करू शकतं, आणि आमच्याकडे तो माफ झाला. शेवटी आम्ही आपण होऊन ठरवलं की ज्या तारखेला खरोखर काम होईल तिचे 500 वेगळे द्यायचे. रक्कम छोटी, पण गाडी पुन्हा चालू झाली.

दुसरं अडखळणं मोठं. निशाणी 5 चा हुकूम आमच्या बाजूनं झाला: निकालापर्यंत मामांनी जमीन तिसऱ्याला विकायची नाही. आम्ही टप्पा संपला म्हणून 15,000 दिले, पेढेही. पण या हुकुमावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं, आणि मामांनी ते केलं. आमच्या पानावर अपिलाचा शब्द नव्हता. मॅडमचं म्हणणं, हे वेगळं प्रकरण. माझं म्हणणं, त्याच हुकुमाचं शेपूट. 10,000 वर मिटलं. कुणी अशी फी ठरवणार असेल तर 'या हुकुमावरचं अपील धरून की सोडून' हे त्याच ओळीत लिहा.

कागदावर लिहिण्याचा आग्रह का, याला आणखी एक कारण आहे. 14 मे 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वकिलाच्या कामाविरुद्ध ग्राहक आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार चालत नाही. गैरवर्तन असेल तर राज्य बार कौन्सिलकडे जाता येतं, पण 'पैसे घेतले आणि तारखेला आले नाहीत' यासाठी हातात काही ठोस हवं. उलट बाजूनं पक्षकारालाही एक आधार आहे: फी थकली म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच स्पष्ट केलंय. वकील बदलताना लोक याच भीतीनं गप्प बसतात.

पंच्याहत्तर हजारही ज्यांना जड आहेत त्यांच्यासाठी: विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना मिळतो हा समज चुकीचा आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. मदत क्रमांक 15100. म्हणजे माझी आई पात्र होती. आम्ही गेलो नाही, कारण आईला वकील स्वतः बघून ठरवायचा होता आणि माझा पगार तेवढा पुरत होता. मोठ्या मावशीला, तिला स्वतंत्र वकील लागला तर, मी तिकडेच नेणार आहे.

टप्प्याची फी कुठे चालणार नाही? अटक, जामीन, पोलीस ठाणं असलं की नाही. तिथे रात्री दहाला फोन करावा लागतो आणि काम दोन दिवसांत होतं किंवा बिघडतं. तिथे एकरकमी ठरवा आणि मोकळे व्हा. घटस्फोटातही सांभाळून, कारण पोटगी, ताबा, मुलांच्या भेटी असे अर्ज मध्येच उगवतात आणि आपलं एक पान पुरत नाही.

सध्या अपिलाची सुनावणी बाकी आहे. मूळ दाव्यात न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना मध्यस्थीला जायला सांगितलंय. मोठ्या मामांनी आईला फोन करून 'अक्का, बसून बोलू' म्हटलं, आई 'बोलू, पण मॅडमसमोर' म्हणाली. प्रकरण तिथे मिटलं तर पुरावा आणि युक्तिवादाचे चाळीस हजार वाचतील, पण मध्यस्थीच्या बैठकांचे किती हे आमच्या पानावर नाही. शनिवारी मॅडमच्या कार्यालयात जाऊन ती ओळ घालायची आहे. मी दर बैठकीचे 1,000 म्हणणार आहे, त्या दोन हजारांवरून सुरू करतील असा अंदाज आहे.